राहुल पाच

हजेरीत आम्ही पाच होतो.
राहुल रंगारी, राहुल लोणारे, राहुल गोंडाणे,
इतवारीतला राहुल चांडक, ज्याच्या डब्याला तुपाचा वास,
आणि मी, खोब्रागडे.
वऱ्हाडपांडे बाईंनी कंटाळून आकडे लावले.
अजूनही कमाल चौकात मागून कोणी ओरडतं,
"ए राहुल पाच!"
आणि दोन पोरींचा बाप गर्रकन वळतो.

आज्याचं नाव उकंडा.
आधीची तीन गेली, म्हणून याला
उकिरड्यावर ठेवून सुपात उचलून घेतलं,
मरणाला वाटावं, हे तर कोणी टाकलेलंच आहे.
छप्पन्न साली तो पांढरे कपडे घालून मैदानावर गेला
आणि परतताना, वाटेतच,
बोट धरून चालणाऱ्या पोराचं नाव बदललं.
कचरू गेला होता, सुगत घरी आला.
स्वतःचं मात्र ठेवलं.
"एवढे वर्ष या नावानं मरणाले फसवलं," म्हणे,
"आता त्याले कायले सोडू?"

मी अकरावीत असताना विहारात भंतेजी सहज म्हणाले,
राहुल म्हणजे बेडी.
पोरगा झाल्याचा निरोप आला तेव्हा
राजपुत्र म्हणाला म्हणे, बंधन जन्मलं.
आणि निघून गेला.

सायकल हातात धरून मी इंदोऱ्यापर्यंत पायी आलो.
रेशनकार्डावर बेडी. मार्कशीटवर बेडी.
पानठेल्याच्या वहीत बेडीच्या नावावर सोळा रुपये.

आई म्हणाली, "कायची बेडी? राहूचा आहेस तू.
ऐंशी सालचं गिरान, भर दुपारी कोंबड्या खुराड्यात गेल्या.
आत्या सांगे, पोटुशीनं काही चिरू नये.
मी सांबार चिरला. वरणात घालाचा होता.
रात्री मेयोत तू झाला
तर आत्यानं आधी तुहे ओठ पायले, मंग तोंड."
आणि हसली, जणू सूर्याचा उष्टा तुकडा
तिनं पदराआड लपवून आणला होता.

बाबा अंगणात कूलरच्या जाळीत नवी खस भरत होते.
विचारलं, बेडी कावून ठेवलं?
बराच वेळ नुसत्या काड्या सारख्या करत राहिले.
"मिलमधल्या कपाटात पिशवी भरून होती, महिनाभर.
दोन शर्ट, पावडरचा डबा, एकशे दहा रुपये."
कुठं चालले होते?
"आता आठवत नाही बे.
पण जाऊन राहिलो होतो, एवढं खरं."
खस दाबली, तारेनं बांधली, हात झटकले.
"मंग तू झाला. मंग राहिलो."

आमच्या गावात हे राहणं
प्रत्येक क्रियापदाला चिकटलेलं.
येऊन राहिला, जेवून राहिला, आभाळ भरून राहिलं,
इथं जाणारासुद्धा जाऊन राहतो.
पुण्यात मुलाखतीला मी "येऊन राहिलो सर" म्हणालो
तर टेबलापलीकडचे तिघं गालात हसले.
संस्कृतच्या सरांना विचारलं, राहुल हा राहण्यातून आला असेल का?
ते म्हणाले, खोब्रागडे, खाली बसा.
बसलो.
पण वहीत दोन अर्थांखाली
पेन्सिलीनं तिसरा लिहून ठेवला,
तो अजून खोडलेला नाही.

आता बाबा मेयोतच आहेत, डावी बाजू गेलेली.
औषधाच्या खिडकीतून नर्स ओरडते, राहुलऽऽ!
फायली घेऊन आम्ही तिघं उठतो,
एकमेकांकडे बघतो, आडनावाची वाट पाहतो.

खाटेखाली मी भरून आणलेली पिशवी.
रात्री उजेडात नीट पाहिली:
दोन शर्ट, पावडरचा डबा.
मी ती पायानं जरा आत सरकवली.

पहाटे त्यांनी एक डोळा उघडला.
अर्ध्या तोंडानं, ओले शब्द,
"काय करून राहिला?"

बसून राहिलो, बाबा.